वैद्याचे कथन आणि त्याचा श्रोता : बुल्गाकोव ते बालिंट

रुग्णाच्या दुःखाला आधुनिक वैद्यकाने ‘केस-हिस्टरी’ या लेखनप्रकारात स्थान दिले; मात्र त्या दुःखाच्या सान्निध्यात आयुष्य घालविणाऱ्या वैद्याच्या मनाला त्या नोंदीत जागा नव्हती. ही उणीव काही अंशी साहित्याने भरून काढली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसोपचाराने तिची संस्थात्मक पातळीवर दखल घेतली. या दोन्ही प्रयत्नांमधील दुवा ‘कथन’ हाच होय.

१९१६ मध्ये कीव्ह येथे वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर मिखाईल बुल्गाकोव स्मोलेन्स्क प्रांतातील निकोल्स्कोये येथील ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले. तेथे १९१७ मध्ये त्यांना मॉर्फिनचे व्यसन जडले. पुढे ते त्यातून मुक्त झाले. या अनुभवाचा आधार असलेली ‘मॉर्फिन’ ही कथा १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी निघणाऱ्या ‘मेदित्सिन्स्की राबोत्निक’ या नियतकालिकात. कथेतील डॉ. पोल्याकोव आपल्या अधःपाताची रोजनिशी लिहितो आणि अखेर डॉ. बोमगार्ड या मित्राला मदतीसाठी पत्र पाठवितो. परंतु बोमगार्ड निघण्यापूर्वीच, गोळी झाडून घेतलेल्या पोल्याकोवला त्याच्यासमोर आणले जाते. बोमगार्डच्या हाती उरते ती वही. श्रोता व्हावयाचा तो वाचक होतो, आणि तोही उशिरा. कथेच्या रचनेतच व्यवसायाच्या एकाकीपणावरील भाष्य सामावलेले आहे.

श्रोता वेळेवर कसा लाभावा, हा प्रश्न मायकेल बालिंट यांनी या शब्दांत मांडला नव्हता. तथापि त्यांच्या कार्यातून त्याचे एक उत्तर पुढे आले. बुडापेस्ट येथे १८९६ मध्ये एका वैद्याच्या घरी जन्मलेले हे मनोविश्लेषक १९३९ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्यानंतर १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी एनिड बालिंट यांच्यासमवेत सामान्य व्यवसायी डॉक्टरांच्या गटचर्चा आरंभिल्या. डॉक्टराने आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या रुग्णाविषयी कागद हाती न घेता बोलावे, असा तेथील प्रघात होता. सांगताना काय विसरले, कोठे स्वर चढला, कोणता तपशील टाळला गेला, यांनाही अर्थ दिला जाई. १९५७ च्या ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड द इलनेस’ या ग्रंथात बालिंट यांनी डॉक्टर हेच सर्वाधिक वापरले जाणारे औषध असल्याचे प्रतिपादन केले. या गटांनी डॉक्टरांच्या खाजगी आयुष्याची चिकित्सा हेतुतः टाळली. कथन रुग्णाचे राही. मात्र त्यातून निवेदक प्रकट होई. हे आडवळणच अनेकांना सुसह्य ठरले असावे.

या उपायाची मर्यादा इझाबेल मेन्झीज यांच्या १९६० च्या अभ्यासातून दिसून येते. लंडनमधील एका रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाची रचनाच मानसिक ताण दूर ठेवण्यासाठी घडली होती, असे त्यांना आढळले. कामाचे तुकडे पाडलेले, रुग्णाचा उल्लेख नावाने न करता खाटेच्या क्रमांकाने वा आजाराने केलेला. ही व्यवस्था भीतीपासून संरक्षण देई, परंतु तिला सामोरे जाण्याचे बळ देत नसे. सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडीत. ज्या संस्थेची भाषाच माणसाचे नाव पुसते, तेथे केवळ आठवड्यातून एकदा बोलण्याची मुभा पुरेशी ठरत नाही.

पुढे रिटा शॅरन यांनी १९९३ मध्ये ‘समांतर नोंदवही’ची पद्धत सुरू केली. अधिकृत नोंदीत जे लिहिता येत नाही, ते विद्यार्थ्यांनी साध्या भाषेत लिहून एकमेकांना वाचून दाखवावे, अशी तिची कल्पना होती. २००० मध्ये कोलंबिया विद्यापीठात ‘कथनात्मक वैद्यक’ हा उपक्रम उभा राहिला आणि साहित्याभ्यासातील सूक्ष्म वाचन वैद्यकीय शिक्षणात आले.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने येथे प्रभावापेक्षा कार्याची तुलना अधिक फलदायी ठरते. बालिंट यांच्या गटांना बुल्गाकोव यांच्यापासून प्रेरणा मिळाली, असे मानण्याचे कारण नाही. तरीही रोजनिशी, गटातील तोंडी निवेदन आणि समांतर नोंदवही हे तिन्ही प्रकार केस-हिस्टरीने वगळलेल्या ‘मी’ला आश्रय देतात. त्यांच्यातील भेद श्रोत्याच्या स्थानाचा आहे. आणि पोल्याकोवच्या बाबतीत हा भेद जीवनमरणाचा ठरला.