कोल्हापूरचे वासरू आणि संत बहिणाबाई

बहिणाबाई म्हटले की आपल्याला जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. मी लिहिते आहे ते त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या संत बहिणाबाईंविषयी. वेरूळजवळच्या देवगावी १६२८ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच बिजवराशी लग्न झाले आणि फिरत फिरत ते कुटुंब कोल्हापुरास येऊन राहिले. आपला तालुका १९५६ साली बेळगावातून कोल्हापूर जिल्ह्यात आला, तेव्हापासून ही हकिगत आपल्याही जिल्ह्याची झाली.

घरच्या गाईचे वासरू बहिणाबाईंची पाठ सोडीत नसे. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते मागोमाग जाई. एकदा लोकांनी त्याला बाहेर काढले, तेव्हा स्वामींनी ते परत आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. त्याचा बोभाटा झाला. नवऱ्याने बहिणाबाईंना बांधून मारले. पुढे थोड्याच दिवसांत वासरू मेले आणि त्या शोकाने निश्चेष्ट पडल्या. त्या अवस्थेत त्यांना तुकाराम महाराज दिसले व त्यांनी मंत्र दिला. तोवर तुकोबांना त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते, कीर्तनातून अभंग तेवढे ऐकले होते. हे सारे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवले आहे.

शोक, उपवास, जागरण यांनी मनाची स्थिती पालटते, हे खरेच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली अशा अनुभवांवर ग्रंथ लिहिला. ज्याला असा अनुभव येतो त्याला तो प्रमाण, पण इतरांवर तो मानण्याची सक्ती नाही, असे त्यांचे म्हणणे. मग आपण पारख कशाने करावी? मला वाटते, पुढच्या वागण्याने.

बहिणाबाईंनी ब्राह्मण घरात राहून कुणबी तुकोबांना गुरू मानले. नवरा चिडला, घर सोडून निघाला. पण आजारी पडला आणि निवळला. दोघे देहूस गेली. तेथे मंबाजीचा छळ सोसला. संसार टाकला नाही, मुले वाढविली. ब्राह्मण्य जन्माने मिळत नाही असे सांगणारे ‘वज्रसूची’ उपनिषद त्यांनी मराठीत आणले. १७०० साली देह ठेविताना मुलाला आपले मागले बारा जन्म सांगितले. वासराशी जडलेला जीव असा माणसामाणसांतल्या भेदापर्यंत येऊन पोहोचला.

आपणही भजनात रंगून जातो, घटकाभर सगळ्या एकच आहोत असे वाटते. ते खरे की भास, हे हळदीकुंकवाच्या दिवशी कळते. त्या दिवशी आपल्यातली विधवा बहीण दाराशी उभी राहते की आपल्या शेजारी बसते?