थेरॅक-२५

थेरॅक-२५ : कर्करोगावरील किरणोपचारासाठी कॅनडाच्या ‘अटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने बनवलेले संगणकचालित यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना त्याने प्रचंड अतिरिक्त मात्रा दिली. त्यांतील किमान तिघे दगावले. आधीच्या थेरॅक-२० यंत्रात चुकीचा झोत रोखणारे स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. ते काढून नव्या यंत्रात सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली, ही मूळ चूक. तंत्रज्ञाने चुकून ‘क्ष-किरण’ नोंदवून काही सेकंदांतच ‘इलेक्ट्रॉन’ अशी दुरुस्ती केली, तर पडद्यावर ती दिसे, आतली जुळणी मात्र चुकीचीच राही. मग ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटे. चालकाच्या पुस्तिकेत त्याचा खुलासा नव्हता. असे संदेश रोजचेच असल्याने एक कळ दाबून उपचार पुढे चालू होई. भाजल्याचे रुग्ण सांगत होते, तरी अतिरिक्त मात्रा अशक्य असल्याचे उत्तर मिळे. या प्रकरणातले हे सर्वांत वेदनादायक. अखेर १९८६ मध्ये टेक्ससमधील टायलर येथील रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने तंत्रज्ञाच्या साहाय्याने तोच बिघाड पुन्हा घडवून दाखवला. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली.