गृहध्वनी यंत्रणेतील स्पीकरांची मांडणी व तारजोडणी

गृहध्वनी यंत्रणेतील स्पीकरांची मांडणी व तारजोडणी म्हणजे घरात संगीत किंवा चित्रपट ऐकण्यासाठी श्रोत्याची बैठक व स्पीकरांच्या जागा ठरवणे, आणि ॲम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत योग्य जाडीच्या तारा सुरक्षित मार्गाने नेणे. ॲम्प्लिफायर पुढे केव्हाही बदलता येतो. भिंतीत गाडलेली तार मात्र भिंत फोडल्याखेरीज हलत नाही. म्हणून हे नियोजन गिलावा होण्यापूर्वी करणे इष्ट असते. आधी बैठक, मग स्पीकर आणि शेवटी तारा हा त्याचा स्वाभाविक क्रम होय. पुष्कळ घरांत तो उलटा होतो : तारा टीव्हीच्या आसपास सोयीच्या ठिकाणी काढून ठेवल्या जातात आणि पुढे स्पीकर तेथेच टांगावे लागतात.

स्टिरिओ मांडणी

दोन स्पीकरांतून आवाजाच्या दिशेचा आभास निर्माण करण्याच्या तंत्राचा पाया ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी घातला. त्यासंबंधीच्या एकस्वासाठी त्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये अर्ज केला होता. या मांडणीत दोन स्पीकर व श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या तीन कोनबिंदूंवर असतात. दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज आला की तो मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो व गायकाचा स्वर तेथे स्थिर होतो.

हा आभास नाजूक असतो. ध्वनीचा हवेतील वेग २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो; म्हणजे एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा १ मीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद आधी पोहोचतो. एवढ्या फरकाने संपूर्ण आवाज जवळच्या स्पीकरमधूनच येत असल्याचा भास होतो. या परिणामाला हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचे नाव मिळाले आहे. त्यांचा प्रबंध १९४९ सालचा. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यास स्टिरिओ नीट ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच.

उच्च स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर असावा. ही उंची जमिनीपासून साधारण १ मीटर असते. दोन्ही स्पीकरांच्या बाजूंची परिस्थितीही शक्यतो सारखी हवी. एकीकडे भिंत व दुसरीकडे उघडी बाल्कनी असेल, तर आवाजाचा तोल भिंतीकडे झुकतो.

बहुवाहिनी मांडणी

पाच स्पीकरांच्या मांडणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस.७७५ ही शिफारस आधारभूत मानली जाते. तीनुसार मधला स्पीकर श्रोत्याच्या समोर, डावा व उजवा त्यापासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि सभोवतालचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूला पण किंचित मागे असतात. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो टीव्हीखालच्या कपाटात खोलवर ढकलल्यास शब्द घुमतात व अस्पष्ट होतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर सभोवतालचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा थोडे उंच लावतात.

२०१४ नंतर घरगुती उपकरणांत आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत डोक्यावरचेही स्पीकर असतात. काँक्रीटच्या छतात त्यांच्यासाठी खाच पाडू नये, कारण त्यामुळे आतील सळयांना इजा पोहोचू शकते. फॉल्स सीलिंग हा सरळ मार्ग होय.

खोलीचा परिणाम

लादी, काच व गिलावा केलेल्या भिंती आवाज परत फेकतात. त्यातले सर्वांत त्रासदायक परावर्तन शोधण्याची युक्ती सोपी आहे : एकाने बैठकीवर बसावे व दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जेथे आरशात स्पीकर दिसेल, तेथे जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट उपयोगी पडते. पडदे व सतरंज्या उच्च स्वर शोषतात, खर्जावर मात्र त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही.

खर्जाचा प्रश्न खोलीच्या मापांशी बांधलेला असतो. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे झाले की स्थिर तरंग तयार होतो. ४.५ मीटर लांबीला ही वारंवारता सुमारे ३८ हर्ट्झ, तर ३ मीटर रुंदीला सुमारे ५७ हर्ट्झ येते. खोलीची रुंदी व उंची जवळपास सारखी असेल, तर दोन्ही तरंग एकाच स्वरावर एकवटतात व तो स्वर नको इतका घुमतो. अशा पहिल्या तरंगाचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक व मध्यावर नगण्य असतो. त्यामुळे बरोबर मध्यभागी बसणाऱ्याला तो खर्ज ऐकूच येत नाही आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो अंगावर येतो. बैठक मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर घेणे ही चांगली तडजोड ठरते.

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास आवाज वाढतो, पण घुमणेही वाढते. त्याची जागा शोधताना तो तात्पुरता बैठकीवरच ठेवतात व खर्ज असलेले संगीत लावून खोलीत जमिनीलगत फिरतात. जेथे खर्ज सर्वांत समतोल ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवतात. हा प्रकार हास्यास्पद दिसतो, पण तो कामाचा आहे. सापडलेल्या जागेजवळ वीजजोड व संदेशतार दोन्ही हवे असल्याने हा प्रयोग वायरिंगच्या आधीच उरकलेला बरा.

तारांची निवड

जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या नाममात्र ओहमच्या ५ टक्क्यांहून कमी ठेवावा, असा व्यवहारातील संकेत आहे. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा १० मीटर अंतरासाठी दोन्ही दिशांचा रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला ही तार सुमारे १७ मीटरपर्यंत पुरते, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र ९ मीटरही नाही, तेथे २.५ चौरस मिलिमीटरची तार १४ मीटरपर्यंत चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण तिचा रोध बराच अधिक असल्याने ती एक माप जाड घ्यावी लागते. दोन्ही बाजूंच्या तारा तंतोतंत सारख्या लांबीच्या असाव्यात, हा समज निराधार आहे. दोनचार मीटरच्या फरकाने पडणारा कालभेद कानाला कळण्यापलीकडचा असतो.

ॲम्प्लिफायरचे धन टोक स्पीकरच्या लाल टोकालाच जोडावे. एका स्पीकरची टोके उलटी झाली, तर दोन्ही पडदे परस्परविरुद्ध हलतात, खर्ज नाहीसा होतो व मधला आभास विस्कटतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ॲम्प्लिफायरवर ४ ओहमचा भार येतो. तो पेलण्याची क्षमता नसल्यास उपकरण तापते व निकामी होऊ शकते.

भिंतीतील मार्ग व सुरक्षितता

स्पीकरच्या तारा २३० व्होल्टच्या वीजवाहिन्यांसोबत एकाच नळीत कधीही घालू नयेत. आवरण फाटल्यास विजेचा पूर्ण दाब स्पीकरच्या उघड्या टोकांवर येऊ शकतो. दोन्ही मार्ग वेगळे ठेवून, ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडतात. सबवूफरकडे जाणाऱ्या क्षीण संदेशाच्या तारेत ५० हर्ट्झची गुणगुण सहज शिरते, म्हणून ती जाळीदार कवच असलेली घेतात. ही गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो. संबंधित उपकरणे एकाच वीजजोडावरून चालवून पाहणे किंवा संदेशतारेत विलगक रोहित्र बसवणे हे योग्य उपाय होत.

नळी गरजेपेक्षा एक माप मोठी घेऊन तीत ओढण्यासाठी जास्तीची दोरी ठेवतात, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतात आणि गिलाव्यापूर्वी मोजपट्टीसह भिंतीचे छायाचित्र काढतात. खिळा ठोकताना पुढे त्याचाच आधार असतो.

शेजारी व कायदा

खर्ज हवेपेक्षा इमारतीच्या सांगाड्यातून दूर जातो. सबवूफरखाली जाड रबर ठेवल्याने लादीला जाणारी कंपने काही प्रमाणात घटतात, हवेतून भिंतीवर आदळणारा आवाज त्याने थांबत नाही. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल आहे.