डाग आणि वण

फोटोशॉप मी शिकलो ते एकाच फोटोसाठी.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली. सास्तूरला दिलेली माझी थोरली बहीण, आमची आपा, त्यांतच गेली. ढिगाऱ्यातून तिचा एक फोटो हाती लागला. चिखलानं माखलेला, पावसानं भिजलेला, मधोमध घडी पडलेला. अम्मीनं तो दहा वर्षं पत्र्याच्या पेटीत, ओढणीत गुंडाळून ठेवला होता.

२००३ साली धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, मी एका संगणक वर्गात नाव घातलं. बी.ए. झालेला, कविता करणारा मी, तिशी ओलांडून पोरांच्या बाकावर बसलो. पडद्यावर डाव्या बाजूला हत्यारांची उभी पट्टी दिसायची. हे कापायचं, हे निवडायचं, हे पुसायचं, असं शिकवत. काही चित्रांचा मात्र अर्थच लागेना.

तो लावून दिला गावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या चाचांनी. पट्टी बघून ते हसले. म्हणाले, "अरे, ही तर आमचीच डार्करूम!"

काडीला लावलेली चकती म्हणजे 'डॉज'. मोठा फोटो छापताना ती प्रकाशात धरली, की तेवढा भाग उजळ राहतो. मुठीची पोकळी म्हणजे 'बर्न'. तिच्यातून जादा प्रकाश पाडला, की तेवढा भाग गडद होतो. हे साम्य योगायोगाचं नाही. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या थॉमस नोलच्या वडिलांनी घराच्या तळघरात डार्करूम थाटली होती. पोरगा तिथंच फोटो धुवायला शिकला. पुढं १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात संशोधन करताना त्यानं प्रोग्राम लिहायला घेतला. भाऊ जॉननं हातभार लावला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीनं तो बाजारात आणला.

पण फोटोवर हात फिरवण्याची विद्या त्याहून कितीतरी जुनी. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे सिकंदराबादेत आणि मुंबईत मोठे स्टुडिओ होते. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करणारे कारागीर अशा स्टुडिओंमधून असत.

चाचांनी मला ते काम समजावलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा खळगा फोटोत काळा दिसतो, तो निगेटिव्हवर पारदर्शक असतो. तिथं पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले, की फोटोत तो खळगा नाहीसा होतो. त्या काळी देवीचे वण घरोघरी होते. ते बुजवणं ही रिटचिंगवाल्याची रोजची भाकरी होती. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १९७५ मध्ये. आपा त्याआधीची. तिच्या डाव्या भुवईपाशी तीन वण होते.

मी फोटो स्कॅन केला. मूळ प्रतीला हात लागू नये म्हणून तिच्यावर तिचीच नक्कल, म्हणजे दुसरा 'लेयर' चढवला. ओढणीचा गेलेला काठ 'क्लोन स्टॅम्प'नं दुसऱ्या बाजूच्या काठावरून उचलून आणला. चिखलाच्या डागांवर 'हीलिंग ब्रश' फिरवला. शेजारच्या त्वचेचा पोत उचलून तो डाग बेमालूम झाकतो. २००२ च्या सातव्या आवृत्तीत तो नव्यानंच आला होता. चार रात्री खपलो. चेहरा लख्ख झाला.

अम्मीनं फोटो हातात धरला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, "ये मेरी बच्ची नै."

चिखलाबरोबर मी ते तीन वणही पुसले होते. ब्रशला डाग तेवढा कळतो. कुठला डाग चिखलाचा आणि कुठला माणसाचा, हे घरच्यांनाच ठाऊक असतं.

पुन्हा बसलो. वरच्या लेयरवर भुवईपाशी 'इरेझर' फिरवला. पुसायचं हत्यार, पण वरचा थर पुसला तसे खालचे वण एकेक करून वर आले. हनुवटीचा एक कोपरा पाण्यानं पार गेला होता. तिथं भरायला माझ्याकडं काही नव्हतं. तो तसाच ठेवला. अम्मीनं नवी प्रत भिंतीवर लावली आणि मूळ फोटो परत ओढणीत गुंडाळला.

आता एका बोटासरशी जुना फोटो नवा करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. गेलेली हनुवटीही ती भरून देतात. पण ती हनुवटी त्या माणसाची नसते, अंदाजाची असते. तुमच्याही घरी एखादा असा फोटो असेल. तो सुधारायला द्याल तेव्हा मूळ प्रत जपून ठेवा. आणि हत्यार चालवण्याआधी घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला तो एकदा दाखवा.