दरवाजा बंद, अंबरखाना शाबूत

शिवनेरीवर जायला सात दरवाज्यांची वाट आहे, तशीच कड्यावरची साखळीची वाटही आहे. दरवाजे लागले, म्हणून वरच्या अंबरखान्यातलं धान्य नाहीसं होत नाही. ज्याला दुसरी वाट ठाऊक, तो वर पोहोचतो.

बंद पडलेल्या संगणकाचंही तसंच आहे. जुन्नर, मंचर, घोडेगाव, कुठेही मशीन दुरुस्तीला न्या, बहुधा पहिलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ उर्दू शाळेच्या संगणकात जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पानं आणि इनपेजमधल्या प्रश्नपत्रिका असतात. जमातीच्या संगणकात कब्रस्तानाच्या नोंदी. बापजाद्यांचं नाव शोधायची वेळ आली, की हीच पानं कामाला येतात. फॉरमॅट म्हणजे दरवाजा उघडत नाही म्हणून अंबरखाना रिकामा करणं.

संगणक सुरू होताना आधी बूटलोडर जागा होतो, तो कर्नल उठवतो, कर्नल मूळ फाइलप्रणाली, म्हणजे ‘रूट’, जोडून घेतो. यातली एक कडी तुटली तरी पडदा काळा राहतो. फायली मात्र बहुतेक वेळा डिस्कवर जशाच्या तशा असतात.

दुसऱ्या वाटेचा इतिहास जुना आहे. 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ आलं. त्याचा हुकूम एवढाच : ‘हा फोल्डर म्हणजेच मूळ, असं समज.’ 1991 मध्ये लिनक्स आलं. त्या काळात एका फ्लॉपीत मावणारी बचावप्रणाली लोक जवळ बाळगत. 2000 मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ काढलं. सीडी घाला, मशीन तिच्यावरूनच चालू. डिस्कला हात लावायची गरज नाही. आज तेच काम पेन ड्राइव्ह करतो.

रीत अशी. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं. डिस्कचे भाग पाहून रूटचा भाग ओळखायचा आणि तो ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडायचा. कामाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या. विंडोजच्या डिस्कवरूनही अशा फायली काढता येतात. लिनक्स दुरुस्त करायचं असेल तर मग तो भाग लिहिण्यासाठी जोडून, डेव्ह, प्रॉक, सिस हे तीन फोल्डर त्यात जोडून सीएचरूट करायचं. आता आपण पेन ड्राइव्हवर असूनही बिघडलेल्या प्रणालीच्या आत असतो. तिथून ग्रब पुन्हा बसवता येतो.

मर्यादाही आहेत. डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असेल, तर पासवर्ड हवाच. डिस्क कटकट आवाज करत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. मशीन लगेच बंद करून जाणकाराकडे द्यावं. आणि ही वाट परक्याच्या मशीनमध्ये शिरण्यासाठी नाही. अमानत ती अमानत.

जमातीच्या किंवा शाळेच्या जबाबदार मंडळींनी एवढं करावं : नोंदींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, एक बचावाचा पेन ड्राइव्ह कपाटात ठेवावा. आणि मशीन दुकानात देण्याआधी विचारावं, ‘आतल्या फायली आधी काढून द्याल ना?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर मशीन परत घरी आणावं.