बारी : एक शब्द, तीन अर्थ आणि वऱ्हाडातील परक्या भाषेची शाळा

‘बारी’ हा साधा शब्द घ्या. वऱ्हाडातील अंगणात खेळणारे मूल ‘आता माझी बारी’ म्हणते, तेव्हा त्याला आपली पाळी अभिप्रेत असते. मेळघाटातील कोरकू मुलाच्या मोजणीत ‘बारी’ म्हणजे दोन. आणि जुन्या मकतबात फारसी गिरवणाऱ्या मुलाला पाठाच्या आरंभीच भेटणारा अरबी ‘बारी’ म्हणजे निर्माता, परमेश्वर.

लहान मुलांना परकी भाषा कशी शिकवावी, हा प्रश्न इंग्रजी शाळांच्या जाहिरातींबरोबर आला असावा असे आपल्याला वाटते. अमरावती-अकोल्याच्या भूमीवर दोन भाषांची गाठ पडण्याचा इतिहास मात्र चारशे वर्षांहून जुना आहे. त्याचाच हा धागा.

१५९६ मध्ये चांदबिबीने केलेल्या तहाने वऱ्हाड प्रांत मोगलांकडे गेला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन आहे, राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. त्या वर्णनात एक छोटीशी नोंद येते. चौधरीला या प्रांतात देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. शब्दांच्या अवघ्या चार जोड्या. पण त्या काय सांगतात ते पाहा. राज्य दिल्ली-आग्र्याचे असले, तरी सारा वसूल करायचा तर वऱ्हाडचे शब्द शिकणे भाग होते. जेत्यालाही शब्दसूची लागली!

मोठ्यांना सूची पुरते, मुलांना पुरत नाही. म्हणून मकतबातील मुलांसाठी पद्यबद्ध कोश तयार झाले. त्यांपैकी ‘खालिकबारी’ हा अमीर खुस्रोच्या नावावर चालत आलेला कोश उत्तर हिंदुस्थानात शतकानुशतके मुखोद्गत केला जाई. खुस्रोच त्याचा कर्ता की दुसरा कोणी, याविषयी विद्वानांत वाद आहे. युक्ती मात्र निर्विवाद आहे : अरबी-फारसी शब्द आणि त्याचा देशी प्रतिशब्द एकाच चरणात गुंफायचा. एक विसरला, तर ताल दुसऱ्याला ओढून आणतो. महाराष्ट्रातही १६७७च्या सुमारास सिद्ध झालेला ‘राजव्यवहारकोश’ पद्यातच आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या त्या कोशाचा हेतू फारसी शब्द हटवून संस्कृत शब्द रूढ करण्याचा होता. पण स्मरणासाठी आधार घेतला तो छंदाचाच.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. दरबारी फारसीचा काळ सरला आणि नव्या शाळांत मराठीनंतरची पायरी म्हणून इंग्रजी आली. तिच्याबरोबर भाषांतराची पद्धतही आली : नियम पाठ करा, मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या आणि तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तरी या पद्धतीने व्याकरण अचूक सांगणारा, पण दोन वाक्ये बोलताना घाम फुटणारा विद्यार्थी घडवला, हेही खरे. वास्तविक कोमेनियसने १६५८ मध्येच चित्रांतून लॅटिन शिकवणारे बालपुस्तक छापले होते. आपल्या वर्गात ते चित्र पोहोचायला फार काळ लागला.

आता सातपुड्याकडे वळू, कारण खरी गोष्ट तेथे आहे.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याचे धारणी व चिखलदरा हे तालुके. तेथील कोरकू लोकांची भाषा मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातील आहे. तिची सख्खी भावंडे संताळी, मुंडारी, हो ही झारखंड-ओडिशाकडे आणि दूरचे नातलग थेट कंबोडिया-व्हिएतनामात. कोरकूत दहाला ‘गेल’ म्हणतात. शेकडो कोस पूर्वेला संताळीतही दहा म्हणजे ‘गेल’. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे माणसे. संस्कृतात होते आणि मराठीने टाकून दिले ते द्विवचन कोरकूने आजही जपले आहे. नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा. मग फळा ‘तो’, खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ कशामुळे, हे कोरकू मुलाने कोणत्या तर्काने ओळखावे?

हे प्रथम तपशिलात अभ्यासले ते बाहेरच्यांनी. या भागात काम करणारे ख्रिस्ती मिशनरी जॉन ड्रेक यांचे कोरकू व्याकरण १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६च्या चौथ्या खंडातही कोरकूला स्थान मिळाले. ड्रेक यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो झाकण्याचे प्रयोजन नाही. परंतु शिकवू पाहणाऱ्याने आधी विद्यार्थी व्हावे लागते, हा क्रम त्यांनी पाळला. सरकारी शाळेने तो पाळला नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीच्या योजनेत सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून ठेवले होते आणि त्यात इंग्रजीला जागा नव्हती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताशी जोडलेला होता, म्हणजे ही घडामोड अगदी घरची. तत्त्व उत्तम होते. पण मेळघाटच्या शाळेत ‘मातृभाषा’ म्हणून जी शिरली, ती मराठी. कोणाची माता, हे विचारायचे राहून गेले. १९५६ मध्ये संविधानात ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. वर्ग तसाच राहिला.

पुढे २००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. वाद पुष्कळ झाला. पण पद्धतीकडे पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. मुलाला इंग्रजीचा गंध नाही, हे येथे प्रामाणिकपणे गृहीत धरले होते. म्हणून आरंभी लिहिणे-वाचणे मागे आणि ऐकणे-बोलणे पुढे. बडबडगीते, चित्रे, ‘उभे राहा, टाळी वाजवा, दाराला हात लावा’ अशा सूचना आणि त्यांवर कृती. अमेरिकेत जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात जपानी भाषेवर प्रयोग करून याच कृतियुक्त पद्धतीचा पुरस्कार केला होता : मूल आधी हुकूम समजते, अंगाने उत्तर देते, तोंडाने नंतर.

मेळघाटातील पहिलीच्या मुलाला त्या वर्षापासून एकाच वर्गात दोन परक्या भाषा भेटू लागल्या. इंग्रजीच्या तासाला त्याच्यासाठी गाणे होते, हावभाव होते, चुकण्याची मुभा होती. मराठीच्या तासाला मात्र ती त्याला येतेच असे समजून धडा सुरू होई आणि तो गप्प बसला, तर मंद ठरे. इंग्रजी परकी म्हणून शिकवली गेली. मराठी परकी असूनही तशी मानलीच गेली नाही. माझ्या मते वऱ्हाडच्या शालेय इतिहासातील ही सर्वांत महाग चूक आहे. तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नोंद बहुधा गळतीच्या रकान्यात झाली.

२०११च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक आहे, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यांत कोरकूच्या बहिणी संताळी व मुंडारी होत्या. मूल घरच्या भाषेत वाचायला शिकते आणि तेथून पायरीपायरीने राज्यभाषेकडे जाते. आपल्याकडे हे काम बव्हंशी एकेकट्या शिक्षकांच्या उत्साहावर चालले आहे. प्रश्न आता केवळ डोंगराचाही राहिलेला नाही. व्याघ्र प्रकल्पातील काही गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हारा भागात झाले आणि कोरकू मुले सपाटीवरील शाळांत आली.

अशा वर्गात कल्पकतेला साधने फारशी लागत नाहीत. मोहाची फुले पुढ्यात ठेवायची आणि मुलांनी आपल्या भाषेत मोजायची. भिंतीवर एक तक्ता, डावीकडे मिया, बारी, आफई. उजवीकडे एक, दोन, तीन. अबुल फजलच्या सूचीप्रमाणेच शब्दांच्या जोड्या. फक्त येथे डावीकडचा रकाना मुलाने सांगायचा आणि गुरुजींनी लिहून घ्यायचा. ‘बारी’पाशी गुरुजी अडखळतील, कारण त्यांच्या कानाला ती पाळी वाटेल. मुले हसतील, आणि मग त्यांना दोन बोटे वर करून दाखवतील.