केज परिसरात मनाचा सांभाळ

बालाघाटाच्या पठारावर आणि मांजरा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या, मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मानसिक आरोग्याचा इतिहास रुग्णालयापासून सुरू करता येत नाही, कारण मनाच्या आजारांचे रुग्णालय या भागापासून नेहमीच दूर राहिले. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्याला होते. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५३ मध्ये, ते हैदराबादला हलवण्यात आले. तीनच वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यामुळे हलवलेली ही संस्था दुसऱ्या राज्यात राहिली. पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार शासकीय मनोरुग्णालये आली, परंतु त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. अशा स्थितीत रोजच्या जगण्यातला ताण, सासर-माहेरची ओढाताण, अपमान आणि एकटेपणा हे सारे ज्या वाटांनी हलके होत गेले, त्या वाटा कामाच्या आणि सणांच्या रहाटीतच शोधाव्या लागतात.

त्यांतली सर्वांत ठळक वाट केज तालुक्यातील विडा या गावात आजही दिसते. येथे धुळवडीच्या दिवशी गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात जुन्या चपलांची माळ घालून, वाजतगाजत गावभर मिरवले जाते. गावात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार ही प्रथा आठ-नऊ दशकांपूर्वी आनंदराव देशमुख यांच्या घरी जावयाच्या थट्टेतून सुरू झाली आणि पुढे साऱ्या गावाने ती आपली मानली. सण जवळ आला की जावई लपतात किंवा गाव सोडतात, आणि गावकरी त्यांच्यावर पाळत ठेवून कोणा एकाला धरून आणतात. मिरवणूक हनुमानाच्या मंदिरापाशी संपते, तेथे त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन त्याचा मान केला जातो.

या प्रथेकडे केवळ गंमत म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘थट्टेच्या नात्या’विषयी एक निबंध लिहिला होता. थट्टेचे नाते म्हणजे ज्या नात्यात एकाने दुसऱ्याची चेष्टा करण्यास रूढीची मुभा असते, कधी सक्तीही असते, आणि दुसऱ्याने त्याचा राग मानायचा नसतो, असे नाते. विवाहाने जोडल्या गेलेल्या दोन घराण्यांत जवळीकही असते आणि हितसंबंधांचा विरोधही असतो. त्यामुळे ती एक तर एकमेकांशी अतिशय अदबीने, अंतर राखून वागतात किंवा ठरवून दिलेल्या मर्यादेत एकमेकांची खोड काढतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठी कुटुंबात जावई हा पहिल्या प्रकारात बसतो. अधिक मासात त्याला अनारशांचे वाण द्यायचे, लग्नातला त्याचा रुसवा काढायचा, त्याच्यापुढे सासऱ्याने नमते घ्यायचे, अशी वर्षभराची रीत असते. आणि मुलगी त्याच्या घरी नांदत असल्यामुळे सासरच्या मंडळींना मनातले फारसे बोलताही येत नाही. विड्याने या दबलेल्या बोलण्याला वर्षातला एक दिवस आणि एक शेवट नेमून दिला. यातला शेवट महत्त्वाचा आहे, कारण ज्या हातांनी चपलांची माळ घातली तेच हात अंगठी घालतात, म्हणून झालेली अप्रतिष्ठा मनात धरून कोणी घरी जात नाही आणि नाते पुढच्या वर्षासाठी मोकळे होते.

मात्र ही मोकळीक पुरुषांना मिळाली. सासरी नांदणाऱ्या सुनेचा रुसवा काढण्यासाठी कोणत्याही गावाने मिरवणूक काढली नाही. तिला नागपंचमीला माहेरी न्यायला येणारा भाऊ, म्हणजे मुऱ्हाळी, हा एक आधार होता, पण तो वर्षातून मोजक्या वेळा येई. रोजचा आधार होता तो जात्याचा. पहाटे, घर झोपेत असताना, दोघी समोरासमोर बसून जात्याचा खुंटा ओढत आणि त्या लयीत ओव्या म्हणत. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण शब्दशः खरी होती, कारण दळण्याची लय आणि शब्दांची लय एकच असे आणि पाठ असलेल्या ओवीत आपल्या दुःखाची ओळ जोडणे कोणाही बाईला शक्य होते. सासूविषयी, नवऱ्याविषयी, तुटलेल्या मैत्रीविषयी जे दिवसा उच्चारता येत नसे, ते येथे देवाला, भावाला किंवा प्रत्यक्ष जात्यालाच उद्देशून सांगितले जाई. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या संकलनकार्यात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमा झाल्या, त्यांत बीड जिल्ह्याचाही वाटा आहे. १९९६ साली माजलगावात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांमध्ये दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपला भाऊ, आपला बाप मानून गायिले आहे, यावरून ओवी केवळ घरातल्या कुरबुरींपुरती नव्हती, स्वाभिमान उभा करण्याची ताकदही तिच्यात होती, हे दिसते.

या ओव्यांविषयी हळवे होऊन चालणार नाही. पिठाच्या गिरणीने बाईची पहाटेची अंगमेहनत वाचवली, हा मोठाच दिलासा होता, आणि ती मेहनत परत यावी असे कोणी म्हणू नये. पण गिरणीबरोबर दोघींनी मिळून बसण्याची आणि ऐकणारे कोणी असण्याची हक्काची वेळही गेली, आणि तिच्या जागी दुसरी वेळ कोणी निर्माण केली नाही.

त्याच काळात ऊसतोडीच्या स्थलांतराने गावाची घडीच बदलली. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फेडण्यासाठी पती-पत्नीची जोडी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीत निघते. या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. थंडीचे सारे महिने उसाच्या फडात आणि कारखान्याजवळच्या पालांमध्ये जातात. म्हातारी माणसे गावात, मुले कधी त्यांच्याजवळ तर कधी फडाच्या कडेला, अशी घरे विभागली गेली. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात, त्यामुळे दुखणे सांगण्याची सोय राहिली नाही. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्याची चर्चा शस्त्रक्रियांच्या अंगाने पुष्कळ झाली; पण ऐन तारुण्यात पाळी थांबल्यानंतर येणारी उदासी, चिडचिड, झोपमोड आणि त्यातून पती-पत्नींच्या नात्यात पडणारे अंतर यांची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

केजच्या शेजारी अंबाजोगाईत मात्र ऐकून घेण्याची एक नवी जागा याआधीच उभी राहिली होती. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मराठवाडा नवनिर्माण लोकायत, म्हणजेच मानवलोक, ही संस्था स्थापन केली आणि तिच्याच अंतर्गत डॉ. शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्प चालवला. सासरी छळ होणाऱ्या, टाकलेल्या किंवा दोन्ही घरांनी नाकारलेल्या स्त्रियांना आसरा, सल्ला आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे काम असा या प्रकल्पाचा विस्तार होता. शैलाताई मराठीच्या प्राध्यापिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. स्त्रियांचे सण, व्रते आणि शेतीचे चक्र यांचा वेध घेणारे ‘भूमी आणि स्त्री’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. स्त्रियांच्या गीतांची आणि सणांची अभ्यासकच पुढे त्यांच्या गाऱ्हाण्यांची श्रोता व्हावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जात्यापुढे बसलेली सखी ऐकत असे, पण नवऱ्याला बोलावून घेण्याची, सासरच्यांना जाब विचारण्याची किंवा न्यायालयापर्यंत सोबत करण्याची शक्ती तिच्यापाशी नव्हती. मनस्विनीने ऐकण्याला कृतीची जोड दिली, आणि या परिसराच्या इतिहासात हा बदल धरणे-रस्त्यांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

शासन त्यामानाने उशिरा आले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, ज्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन निराशेची लक्षणे दिसणाऱ्या माणसांची नोंद करतात आणि त्यांना समुपदेशकाकडे, म्हणजे अडचण ऐकून वाट शोधायला मदत करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे, पाठवतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. घरोघरच्या नोंदणीची रचना मात्र गावात राहणाऱ्या माणसाला धरून केलेली आहे, आणि केजची कितीतरी कुटुंबे हंगामाचे पाच-सहा महिने गावात नसतात. त्यांच्या पालांपर्यंत कारखान्याच्या जिल्ह्यातील आशा पोहोचली तरी तिच्या यादीत त्यांचे घर नसते. म्हणून नोंद टोळीबरोबर फिरली पाहिजे, गळीत हंगामात कारखान्याच्या तळावरच समुपदेशक बसला पाहिजे, आणि प्रत्येक टोळीतील एका तरी स्त्रीला या कामाचे शिक्षण आणि त्याबद्दल मजुरी मिळाली पाहिजे, जेणेकरून तिने दुसरीचे ऐकण्यात घालवलेला वेळ खाडा म्हणून धरला जाणार नाही.